बाप्पाची तारीख ठरलेली असते, गाड्यांचीही ठरवा

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांपैकी मी एक. मूळ गाव कुडाळ तालुक्यात, राहणं डोंबिवलीत. जादा गाड्या सोडा म्हणणारी पत्रं आपल्याकडे दरवर्षी ढिगाने येत असतील. हे पत्र मात्र गाडी सुटण्याच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. जायचं ठरवल्यापासून डब्यात पाय ठेवेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. त्या काळात मुंबई, ठाणे, वसई, पनवेलमधल्या असंख्य घरांचा आनंद आणि धास्ती एका तिकिटावर टांगलेली असते. त्या धास्तीतला काही भाग पावसाचा आहे, तो कुणाच्या हातात नाही. उरलेला भाग आपल्या मंत्रालयाच्या एका निर्णयाने जाऊ शकतो. तो निर्णय मागण्यासाठी लिहितो आहे.

आमचा प्रवास कॅलेंडरपासून सुरू होतो. नवं कॅलेंडर घरात आलं की आधी भाद्रपद शोधला जातो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने चतुर्थी लांबली आहे, १४ सप्टेंबरला आहे. सोमवार म्हणजे शनिवार-रविवार जोडून मिळणार, एवढं कळलं तरी घरात उत्साह येतो. मग फोन सुरू होतात. ठाण्याची आत्या, विरारचा चुलतभाऊ, पुण्यात नोकरीला लागलेली पुतणी. कोण किती दिवस राहणार, दीड दिवसांनी परतायचं की गौरीबरोबर बाप्पाला पोचवूनच निघायचं, माटवी कोण बांधणार, भजनाची डबलबारी ठेवायची का. गावी काका गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट देऊन येतात आणि संध्याकाळी फोनवर विचारतात, "गावाक कधी येतास?" बाहेर पाऊस लागलेला असतो आणि घरात याद्या होत असतात. कित्येकदा मला हे दिवस प्रत्यक्ष सणाहूनही भरलेले वाटतात, कारण अजून सगळेच येणार असतात.

हा प्रवास सहलीचा नव्हे, हे आपण जाणताच. महाबळेश्वरला यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी जाता येतं. घरच्या गणपतीचं तसं नसतं. मूळ घर भावकीचं, गणपती एक, पूजेची पाळी ठरलेली. कित्येक घरं वर्षभर कुलपात असतात आणि शिमग्याला आणि चतुर्थीलाच उघडतात. सात-आठ कुटुंबं एका पडवीत जेवतात, मुलांना आपली चुलत भावंडं कोण हे तेव्हाच कळतं, घराच्या कौलांपासून जमिनीच्या वाटण्यांपर्यंतची बोलणी त्याच चार दिवसांत होतात. ज्या घरात आजी नव्वदीकडे झुकली आहे, तिथे 'पुढच्या वर्षी येऊ' हे शब्द उच्चारायला कुणाची जीभ रेटत नाही.

एवढं सगळं ज्या तिकिटावर अवलंबून, ते मिळवण्याची वेळ सकाळी आठची. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. १२ सप्टेंबरच्या शनिवारी निघायचं तर १४ जुलैला सकाळी आठ वाजता. त्या दिवशी घरातलं कुणी कामावर वेळेत निघत नाही. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्यासमोर लॅपटॉप, तिसरा पहाटेपासून स्टेशनवरच्या खिडकीपाशी रांगेत. प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवलेली, ओटीपी वाचून दाखवायला मुलगी शेजारी उभी. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जनशताब्दी. मोसमातल्या दिवसांसाठी काही मिनिटांत वेटिंग सुरू होतं आणि मग वेटिंगही बंद होऊन पडद्यावर 'रिग्रेट' येतं. ज्यांना कन्फर्म मिळालं त्यांचाही आनंद पुरा नसतो. आईवडिलांचं झालं, आपलं नाही. जायचं झालं, परतीचं नाही. परतीचं आरक्षण वेगळ्या दिवशी उघडणार, म्हणजे ती सकाळ पुन्हा काढायची.

त्यानंतर दिवस पीएनआर तपासण्याने सुरू होतो. वेटिंग ८७ वरून ७१ वर आलं की घरात कुणीतरी म्हणतं, होईल, अजून महिना आहे. ५८ वर येऊन आठवडाभर हललं नाही की तोच माणूस गप्प होतो. वेटिंगचेही प्रकार असतात. सर्वसाधारण वेटिंग त्यातल्या त्यात लवकर पुढे सरकतं, मधल्या स्थानकांच्या कोट्यावरचं वेटिंग फार हळू. बहुतेक प्रवाशांना हा फरक माहीत नसतो. त्यामुळे वीस नंबर पाहून निर्धास्त राहिलेला शेवटी अडकतो आणि साठ नंबरवाला गावी पोहोचतो. त्याला दैव म्हणायची पाळी येते, आणि ते दैव नसतं.

या आशा-निराशेची किंमत मोजावी लागते. कारखान्यात, इस्पितळात, सुरक्षारक्षकाच्या किंवा दुकानातल्या नोकरीत रजेच्या तारखा आधी द्याव्या लागतात. तिकिटाची वाट पाहत थांबलं तर रजा दुसऱ्याला मिळते, आणि रजा घेऊन बसलं तर तिकीट येत नाही. गावी फोन करायचाही संकोच वाटू लागतो. येतो म्हणावं तर खात्री नाही, येत नाही म्हणावं तर आशा सुटत नाही. स्पष्ट नकार माणूस पचवतो. अर्धवट होकारावर दोन महिने काढणं फार जड जातं.

मंत्रीमहोदय, या पत्रातला मुख्य मुद्दा इथे येतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिच्या आधीच्या दिवसांचं सर्वसाधारण आरक्षण जूनच्या अखेरीस उघडलं. गणपती विशेष गाड्यांचं पहिलं मोठं आरक्षण सुरू झालं ते जुलैच्या उत्तरार्धात, आणि आणखी काही गाड्या त्यानंतर जाहीर झाल्या. मधल्या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने आपापल्या अंदाजाने निर्णय घेतले. कुणी शनिवारचंही तिकीट काढलं आणि रविवारचंही. कुणी रेल्वेचं वेटिंग हातात ठेवून एसटीच्या गट आरक्षणातही नाव घातलं. कुणी खासगी बसला आगाऊ पैसे दिले. विशेष गाडी जाहीर झाली की तिचंही तिकीट काढलं, आणि आधीची शेवटच्या आठवड्यात रद्द केली. एकेका कुटुंबाची नावं तीन-तीन याद्यांत आली. याद्या फुगल्या, त्या फुगलेल्या याद्या पाहून इतर घाबरले आणि त्यांनीही दोन-दोन ठिकाणी नावं घातली. अनिश्चितता अशी स्वतःच वाढत जाते. ज्याला खरोखर एकच तिकीट हवं असतं, तो या सगळ्यात मागे पडतो. लोक लोभाने दोन तिकिटं काढत नाहीत, पुढे काय येणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं म्हणून काढतात.

मग निघायचा दिवस येतो. आरक्षणाचा तक्ता लागतो. २०२५ पासून तो पूर्वीपेक्षा लवकर लावला जाऊ लागला, हे चांगलं झालं. निदान पिशव्या घेऊन स्टेशनवर जाऊन परतायची वेळ कमी आली. पण कन्फर्म न झालेलं ऑनलाइन तिकीट तक्ता लागताच आपोआप रद्द होतं आणि तेवढ्या तासांत दुसरी सोय करायची असते. तात्काळचं दार आदल्या दिवशीच उघडून बंद झालेलं असतं. एसटी भरलेली असते. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडं घेऊ नये असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, पण चतुर्थीच्या आदल्या रात्री अडलेला माणूस घासाघीस करायला उभा राहत नाही. रस्त्याने जावं तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि अजून पुरतं झालेलं नाही. माणगाव-इंदापूरच्या कोंडीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन रात्र काढणं काय असतं, ते त्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि ज्याला तेही जमत नाही, तो शेवटी गावी फोन लावतो. पलीकडून काका म्हणतात, "असांदे, तिकीट गावला नाय तर काय करतलास." ते रागावत नाहीत, म्हणूनच ते ऐकवत नाही.

आता पावसाबद्दल. कोकण रेल्वेच्या पावसाळ्याबद्दल आमची तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितो. रोहा ते ठोकूर सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे सुरू झाला. सह्याद्रीच्या कुशीतून, बोगद्यांतून आणि खोल कापलेल्या डोंगरांतून जाणाऱ्या या मार्गावर पाऊस काय करू शकतो ते आम्ही पाहिलं आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि ५०हून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरउतार सौम्य करण्यावर, लोखंडी जाळ्या बसवण्यावर, पावसाळी गस्तीवर मोठं काम झालं. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी केला जातो, प्रवास लांबतो, आणि एकही कोकणी माणूस त्यासाठी कुरकुर करत नाही. भर पावसात हातात दिवा घेऊन रुळावरून चालणारा गस्तवाला आपल्याच गावचा आहे, हे त्याला माहीत असतं. १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि मार्ग सुमारे २४ तास बंद राहिला. अडकलेल्यांचे हाल झाले. तरी डोंगर खाली आलाय हे समजल्यावर माणूस मन घट्ट करतो, पर्याय शोधतो, वाट पाहतो. कारण कळलेलं असतं. उशीर सोसता येतो, अंधारात राहणं सोसवत नाही.

अनिश्चितता टोकाला गेली म्हणजे काय होतं ते २०२० ने दाखवलं. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचणाऱ्यांना १० दिवसांचं विलगीकरण, त्यानंतर निघणाऱ्यांना करोना चाचणी, खासगी वाहनाला ई-पास, आणि त्यावर प्रत्येक गावचा आपला ठराव. आपण गेलो तर घरच्या म्हाताऱ्यांना आजार देऊ का, या भीतीने कित्येकांनी स्वतःहून जाणं टाळलं. ज्यांना जायचंच होतं त्यांच्यासाठी विशेष गाड्या सुरू झाल्या, पण १५ ऑगस्टला. विलगीकरणाचे दिवस भरण्याची मुदत तोवर उलटून गेली होती. लोक मिळेल त्या वाहनाने आधीच गेले होते किंवा जाण्याचं रद्द करून बसले होते. कुणाच्या निष्काळजीपणाचा हिशोब मांडायला ही आठवण काढत नाही, तो काळच तसा होता. त्यातून शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. गाडी योग्य दिवशी जाहीर झाली नाही तर ती असूनही उपयोगाची राहत नाही.

आपल्या मंत्रालयाने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. गणपती विशेष गाड्यांच्या फेऱ्या २०२३ मध्ये ३०५, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८० अशा वाढत गेल्या. दलालांना आळा घालण्यासाठी आधार पडताळणी आली. आरक्षणाचा काळ ६० दिवसांवर आणल्याने वाट पाहण्याचा काळही अर्ध्यावर आला. राज्याच्या एसटीनेही २०२५ साली पाच हजारांच्या घरात जादा बस सोडल्या. विशेष गाड्या लवकर जाहीर करणं सोपं नाही, हेही समजतं. डबे, इंजिनं, चालक-गार्ड जमवायचे, त्यात पावसाळ्यातला कमी वेग, आणि मार्ग बहुतांशी एकेरी. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढे अजूनही एका गाडीला वाट द्यायला दुसरी थांबते. पण यातली कोणतीही गोष्ट ऐनवेळी उद्भवत नाही. चतुर्थी पंचांगात आधीच लिहिलेली असते. २०२७ ची ४ सप्टेंबरला आहे, हे आजच सांगता येतं. गर्दी किती होणार, कुठल्या दिवशी होणार, कुठल्या स्थानकांवर उतरणार, हे आपल्या संगणकात वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे. पावसाची तारीख कुणाला ठरवता येत नाही. गाड्यांच्या घोषणेची ठरवता येते.

म्हणून चार मागण्या करतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: गणपती विशेष गाड्यांची संपूर्ण यादी, जाण्याची आणि परतीचीही, सर्वसाधारण आरक्षण उघडण्याच्या किमान १५ दिवस आधी जाहीर करण्याचा कायमचा नियम करा. २०२६ साठी तो दिवस जूनअखेर येतो, २०२७ साठी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. गाड्या तेवढ्याच राहिल्या तरी चालेल. सगळं ताट समोर वाढलेलं दिसलं की माणूस आपल्याला हवं तेवढंच घेतो. लोक एकच तिकीट काढतील आणि याद्या खऱ्या आकाराच्या होतील.

दुसरी: ज्या गाड्या नंतर वाढवाव्या लागतील, त्यांवर पहिला हक्क त्या दिवसाच्या वेटिंगवरच्या प्रवाशांना द्या. प्रतीक्षायादीतल्या प्रवाशाला दुसऱ्या गाडीत जागा देणारी 'विकल्प' योजना आपल्याकडे आहेच. गणपतीच्या काळात तिचा पुरेपूर वापर व्हावा. जो दीड महिना थांबला आहे, त्याला पुन्हा सकाळी आठच्या शर्यतीत उतरायला लावू नका.

तिसरी: वेटिंगबद्दल खरं सांगा. सणाच्या दिवसांत प्रत्येक गाडीत रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या वाट्याला किती जागा आहेत आणि गेल्या वर्षी त्याच गाडीत कितव्या क्रमांकापर्यंतचं वेटिंग कन्फर्म झालं, हे तिकीट काढतानाच मराठीत दिसावं. आशा नसेल तर नसल्याचं कळू दे. वेळेवर मिळालेल्या नकाराने माणूस एसटीत जागा धरू शकतो, रजा बदलू शकतो, गावी खरं सांगू शकतो.

चौथी: आरक्षण न परवडणाऱ्या किंवा न मिळालेल्या माणसाचाही विचार व्हावा. दादर-रत्नागिरी पॅसेंजर करोनाकाळापासून दिव्याहून सुटते. ती पुन्हा दादरहून सोडावी, ही मागणी जुनी आहे. दिवा, वसई, कल्याण, पनवेल इथून अनारक्षित डब्यांच्या गाड्या सणाआधीच्या चार दिवसांत ठरलेल्या वेळांना सुटाव्यात, आणि त्या वेळाही त्याच यादीत असाव्यात. कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. त्यातून काय मिळालं हे कोकणी माणूस दुहेरी मार्गाच्या किलोमीटरांवरून मोजणार आहे.

शेवटी आपल्या खुर्चीवर पूर्वी बसलेल्या एका माणसाची आठवण करून देतो. मधू दंडवते राजापूरचे खासदार होते आणि १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. तोपर्यंत दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमध्ये लाकडी फळ्यांवर झोपावं लागे. त्यांनी त्या फळ्यांवर फोमच्या गाद्या आणल्या. रेल्वेच्या मोठ्या प्रकल्पांपुढे ती किरकोळ गोष्ट वाटू शकली असती. पण सामान्य माणूस रात्रभर कसा झोपतो हा मंत्र्याने विचार करण्याजोगा प्रश्न आहे, असं त्यांनी मानलं. तो माणूस आज प्रवासाआधीच्या रात्री कशा काढतो, हाही तेवढाच विचार करण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याला गादीएवढाही खर्च नाही. एक यादी आणि तिच्यावर वेळेवर झालेली एक सही पुरेल.

ती सही या जूनमध्ये करा, आणि दरवर्षी जूनमध्ये होईल असा नियम मागे ठेवा.



आपला,
डोंबिवलीचा एक चाकरमानी